फूलमतीचा हात

वसुधा घोट्याएवढ्या पाण्यात वाकून उभी होती आणि न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर बसलेली फूलमती तिला तार कशी धरायची ते सांगत होती.

लखनौच्या इंदिरा नगरातल्या त्या गल्लीतली सात घरांची न्हाणीघरं फूलमतीच साफ करायची. दहा दिवसांपूर्वी खालची मोरी तुंबली, तेव्हा घरमालकीण शुक्लाइनबाईंनी तिच्या हाती तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, बाटली दिली होती. ओतताना तेजाब उसळलं आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजला. आज वसुधाच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात पाणी तुंबलं, तसा शुक्लाइनबाईंनी पुन्हा तिलाच निरोप धाडला. डावा हात तर धड आहे ना, असं कळवलं.

ती आली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला, डाव्या हातात तीच बाटली. वसुधाने बाटली काढून घेतली, तिला स्टुलावर बसवलं आणि साडी खोचली. वसुधा मूळची साताऱ्याची, नवरा जगदीश छावणीतल्या कचेरीत ड्राफ्ट्समन. सहा वर्षं लखनौत राहूनही ती कधी भाजीवाल्याशीसुद्धा वाद घालत नसे.

"ठेलिए मत बहूजी, खींचिए," फूलमती म्हणाली. ढकललं की गोळा पुढच्या वळणात अडकतो, मग फरशीच फोडावी लागते.

वसुधाने जाळी उचलून तारेचा आकडा आत घातला. आधी नुसता साबणाचा काळा लगदा आला. मग फूलमतीने सांगितलं तशी तिने तार फिरवली आणि हळूहळू ओढली, तेव्हा केसांचा जाड पेड बाहेर येऊ लागला. तिचे लांब केस, मुलीचे केस, शाम्पूच्या पुडीचे कोपरे. सगळं आपल्याच घरातलं, आणि सहा वर्षं ते या बाईने हाताने काढलं होतं. पाण्याने गुडगुड आवाज केला आणि भोवरा करत ते उतरलं.

तेवढ्यात शुक्लाइनबाई वर आल्या. दारातलं दृश्य पाहून त्यांनी पदर नाकाला लावला. भल्या घरचे म्हणून तुम्हाला जागा दिली, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही हे करता? आज एकादशी, याच हातांनी आमच्या हापशाला शिवणार?

"मैल मेरा है चाचीजी, तो हाथ भी मेरा," वसुधा म्हणाली. तिने नजर खाली केली नाही.

शुक्लाइनबाई फूलमतीकडे वळून म्हणाल्या की खालच्या मोरीत ही बाटली ओत आणि मग घरी जा. फूलमती उठून उभी राहिली.

"तेजाब अब हम नहीं डालेंगे. किसी के घर नहीं."

संध्याकाळी जागा सोडायचा निरोप आला. जगदीश भांडणाला वळसा घालून जाणारा माणूस. तो मुकाट्याने चपला घालून खाली गेला, तेव्हा वसुधा समजून चुकली की हा माफी मागणार. पाच मिनिटांत तो परतला आणि ताटावर बसला.

"मागणारच होतो," तो पोळी मोडत म्हणाला. "फूलमतीच्या हाताचं विचारलं. तर म्हणाल्या, ऐसे लोगों को कुछ नहीं होता. मग नाही मागितली. महिनाअखेरपर्यंत दुसरी जागा बघू."

वसुधाने त्याला आणखी एक पोळी वाढली.

फूलमतीने गल्लीत घरोघर तेच सांगितलं. चार घरांनी तिला काढून टाकलं. उरलेल्यांनी बाटल्या फेकल्या आणि तारा आणल्या.

महिनाअखेर टेंपोत सामान चढलं. रिकाम्या खोलीत वसुधा शेवटचा झाडू मारत होती, तेव्हा पुढच्या जिन्यावर पावलं वाजली. या जिन्याने फूलमती कधी चढली नव्हती. तिच्यासाठी मागचा लोखंडी जिना होता; पुढच्या कठड्याला शिवायचीही तिला मनाई होती. आज ती शुक्लाइनबाईंच्या बैठकीसमोरून, भर दुपारी, एकेक पायरी सावकाश चढत आली. पट्टी निघाली होती. हात गुलाबी, चकचकीत, आणि मधली दोन बोटं तळव्याकडे वळलेली. ती आता सरळ होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते.

वळलेल्या बोटांचा तोच हात तिने जिन्याच्या कठड्यावर ठेवला होता.