दोन्ही हातांचं बोलणं

कारखान्यात त्याला सगळे खुसपट्या म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. दारांच्या बिजागऱ्या तपासणं हे त्याचं काम. घरी आला तरी हात शांत नाहीत. डब्याचं झाकण असो की छत्री, दहादा उघडून मिटल्याशिवाय गड्याला चैन पडायची नाही.

आई संसर्गाच्या वॉर्डात होती. आत कुणालाच सोडत नव्हते, फोनवर व्हिडिओ कॉल तेवढा चालायचा. पण आई जन्मापासून बहिरी, त्यात शाळेचं तोंड न पाहिलेली. तिचं सगळं बोलणं हातांचं. एक हात फोन धरण्यात गुंतला की निम्मं बोलणं गिळलं जायचं.

"अहो, मागे पाय असलेलं कव्हर मिळतं," बायको म्हणाली. "फोन उभा राहिला की सासूबाई पोटभर बोलतील."

मग काय विचारता! दुकानदाराला त्यानं सळो की पळो करून सोडलं. एका कव्हरची खीळ ढिली, दुसऱ्याचा पाय फेंगडा. अकरावं पसंत पडलं, तर त्यात फोन घालून खांद्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकला.

"काका, फोन तुमचाच आहे ना?" दुकानदार हबकला.

"माझाच. आईही माझीच."

घरी टेबलावर पाय पाचशे वेळा उघडला, मिटला. टेबलाला धक्के देऊन पाहिले, फोन हलला नाही. यात अख्खा दिवस गेला. "पुरे आता! वरातीमागून घोडं व्हायचं तुमचं," बायको चिडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं तो फोन आत नेऊन दिला आणि दुसऱ्या पेशंटकडे धावली. इकडे बायकोच्या फोनवर आई दिसली. अगं आई गं, केवढीशी झाली होती! गालफडं पार बसलेली. आईनं फोन पांघरुणावर उभा केला, हात उचलले, आणि फोन आडवा. पुन्हा उभा केला. पाय गादीत रुतला, पुन्हा आडवा.

कव्हर त्यानं काउंटरवर तपासलं होतं, फरशीवर, टेबलावर. गादीवर एकदाही नाही. आजारी माणूस झोपतो कुठे, एवढंही सुचू नये? गाढवा, गाढवा, म्हणत त्यानं कपाळ बडवून घेतलं.

आई एका हातानं बोलायला लागली. त्याला काही कळेना. कळत नाही, असं त्यानं खुणेनं सांगितलं. मग तिनं फोन सरळ गादीवर निजवला आणि दोन्ही हात मोकळे केले. त्याला छत दिसू लागलं. मधूनच कडेला बोटं यायची, जायची. त्यानं जिवाच्या आकांतानं हातवारे केले, पण आईचं फोनकडे लक्ष असेल तर ना! बराच वेळ ती बोलत होती. मग बोटं यायची थांबली.

संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला, आई गेली.

"शेवटी काय म्हणाल्या हो?" बायकोनं डोळे पुसत विचारलं.

"खूप बोलली," तो म्हणाला. "मला नुसतं छत दिसत होतं."