फुलाला कान नव्हते

गुरुवार होता आणि इंदापूर रस्त्यावरच्या कौलबाबांच्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर दाराएवढा काचेचा पडदा. त्यात देवाचं चित्र, देवाच्या माथ्यावर पांढरं फूल, दोन्ही बाजूंना विझलेल्या समया. बाबांचा शिष्य ऋषिराज पडद्यावरच्या समयांना बोट लावी, तशा त्या पेटत. मग भक्ताने देवाच्या पायांवर हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. थोड्या वेळाने फूल आपोआप ओघळे. देवाच्या उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही.

"वायर न्हाय, रिमोट न्हाय!" ऋषिराज माइकवरून गर्जत होता. "तुमच्या शेतात फाईव्ह-जी येतंय, मग पडद्यात देव का न्हाय येनार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गावच्या वाचनालयात जन्म घालवलेला म्हातारा. हळूच म्हणालो, "पण हे फूल पाडतं कोण?"

शेजारचे सर्जेराव वळले. "आबा, तुमी आपली पुस्तकं चाळा. देव काय तुमच्या कपाटात मावनार हाय?"

आजूबाजूला हशा पिकला. मी मान खाली घातली. एवढी माणसं एका बाजूला असली की मला वाटतं, चूक बहुधा माझीच.

रांगेत माझी धाकटी बहीण धोंडाबाई होती. तिच्या छातीत गाठ सापडली होती. आत्ता काढली तर बाई बरी होईल, असं बारामतीच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या. धोंडीची मुलगी निकिता ऑपरेशनची तारीखही घेऊन आली होती. पण धोंडीचं एकच, "आधी कौल घेते."

"मावशी, काय इचारायचंय?" ऋषिराजने रांगेतच मायेने विचारून घेतलं.

"गाठ कापू का नको, एवढंच रं बाबा."

गाठीवर चोळायचं मंतरलेलं तेल बाबांच्या मठातच विकत मिळे.

ऋषिराजने समया लावल्या. धोंडी माझ्या कानाशी कुजबुजली, "पोरगं शिकाऊ दिसतंय, दादा. डावी आधी लावली." आमच्याकडे घरोघर देवाच्या उजवीकडची समई आधी लावतात. मग तिने हात ठेवला, डोळे मिटले. फूल डावीकडे पडलं.

"आई, खोटं हाय गं हे सगळं!" निकिता काकुळतीला आली.

"मग कसं खोटं ते दाखव."

निकिताला ते दाखवता येईना. ती बारामतीत वेबसाइट बनवण्याचं काम करते, पण मठाच्या पडद्याला कोण हात लावू देणार? ऑपरेशनची तारीख टळली. तेल सुरू झालं.

उसाला तुरे आले तेव्हा धोंडीला पाठ टेकवेना. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हाडांत गेलंय. आता कापून उपयोग नाही. दुखणं तेवढं कमी ठेवू."

त्याच सुमारास मठाने 'घरबसल्या कौल' सुरू केला. मंडपातल्या पडद्यावरचं तेच वेबपान आपल्या फोनवर उघडायचं, समया आपणच लावायच्या. गावात आनंदीआनंद झाला, कारण ज्याचा त्याचा कौल उजवा! सर्जेराव फोन नाचवत धोंडीच्या खाटेपाशी आले. "धोंडाक्का, पुन्यांदा इचार. आता बग कसा उजवा देतोय!"

निकिताने त्यांच्याकडून पानाचा पत्ता घेतला आणि लॅपटॉप उघडला.

"मामा, ही माझी छोटी लायब्ररी."

मी पुस्तकं शोधू लागलो. एरवी ती हसली असती.

"तसली न्हाय, मामा. थोड्याशा ओळींचा कोड हाय. पानावर कशाला बोट लावल्यावर काय व्हायचं, ते आधीच लिवून ठेवलेलं असतं. ज्या चित्राला तसा हुकूम जोडलाय, त्याला जनू कान असत्यात. बाकीची चित्रं बहिरी. हा कोड सगळे कान हुडकतो आन् त्यांच्याभवती लाल चौकट काढतो."

तिने कळ दाबली. दोनच चौकटी उमटल्या. दोन समयांभोवती.

सर्जेराव वाकले. "देवाला न्हाय?"

"न्हाय, काका."

"फुलाला तरी?"

"न्हाय. जी समई आधी लावली, तिची बाजू हे पान ध्यानात ठेवतं. दुसरी लागली की थोड्या वेळानं फूल त्याच बाजूला पाडतं. तुमीच लावून बगा."

सर्जेरावांनी डावी आधी लावली. देवाच्या पायांवर कुणीच हात ठेवला नाही. फूल डावीकडे पडलं. उजवी आधी लावली, फूल उजवीकडे.

"आरं तिच्या! आमी समदी घरी उजवीच आधी लावतो की..."

धोंडी उशीवरून पाहत होती. "मंजी मी पायावर हात ठिवला..."

"ते पानाला कळलंबी न्हाय, आई."

"डावी आधी लावली व्हती त्यानं. मी बगितलं व्हतं." अगदी लहान मुलीसारखं तिने विचारलं, "मग देवानं न्हाय म्हनलंच नव्हतं?"

निकिताने आईच्या पोटाशी तोंड लपवलं.

पुढच्या गुरुवारी सर्जेराव भर मंडपात पडद्यापाशी गेले. "पोरा, उजवी आधी लाव बरं." ऋषिराज म्हणाला, "देवाचा कोप हुईल!" सर्जेरावांनी स्वतःच लावल्या, एकदा उजवी आधी, एकदा डावी आधी, आणि निकिताने माइकवर कान समजावून सांगितले. कौलबाबा मंडपाच्या मागून निघून गेले. निम्मा मंडप उठला. निम्मा बसूनच राहिला. त्यांचे कौल उजवे आले होते ना!

धोंडी गुढीपाडव्याआधी गेली. आदल्या संध्याकाळी तिने मला देवापाशी समया लावायला सांगितलं. "उजवी आधी, दादा," ती म्हणाली. देवावर तिचा राग नव्हता. त्याने काही केलंच नव्हतं.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहितो. देव मानायचा तर माना, मी कोण अडवणारा? पण कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, याचे कान कुठे आहेत, आणि ते कुणाचं ऐकतात? आणि घरात कुणाच्या अंगावर गाठ आढळली तर डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी जा. फुलाला विचारू नका. ते ऐकत नाही.