उजव्या मागच्या आचेची जबानी

आधी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या, निवाडा मग करा. मी विजेची शेगडी. वर चार कॉइल, पोटात ओव्हन, पुढे पाच नॉब. तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बावीस वर्षं उभी आहे. यंदा या घरातल्या बाईवर विसरभोळेपणाचा ठपका ठेवला गेला आणि पुरावा म्हणून दर वेळी माझ्याकडे बोट दाखवलं गेलं. मला मात्र कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावर झाला. कोणी पत्रा वाकवला, कोणी तारा जोडल्या. शेवटी तपासणीवाला आला. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती, म्हणून त्यानं ओळीनं चौदा शेगड्यांवर धडाधड शिक्के मारले. त्यातली मी नववी. ‘तपासले’ या शब्दावर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

बाई एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मोजमापात मुरलेली. दर सहा महिन्यांनी मला पुढे ओढून ती पाठीमागची धूळ ब्रशनं झाडायची. कॉइल उपसून त्यांची टोकं पुसायची. ओव्हनच्या दाराची रबरी पट्टी सैल झाली की बदलायची. एकदा ओव्हनचा खालचा हीटर जळाला, तेव्हा भिंतीवरचा मेन स्विच बंद करून तिनं तो स्वतः बसवला आणि हात झटकत म्हणाली, “घ्या, झालं. उगाच मेकॅनिकची वाट बघायची!”

मग ती निवृत्त झाली, गुडघे गेले आणि मला पुढे ओढणंही थांबलं. घासायला आलेल्या कोणीतरी तारेच्या घासणीनं नॉबवरचे आकडे पार खरवडून काढले. कॉइल चालू आहे हे सांगणारा लाल दिवा विझला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, “अगं, दिव्यावाचून काय अडलंय? नवीनच घेऊ की.” नवीन आली नाही आणि दिवाही आला नाही. कोणता नॉब चालू आणि कोणता बंद, हे आता फक्त बाईच्या बोटांना कळायचं.

मला जग दिसतं ते ओव्हनच्या काचेतून, म्हणजे माणसाच्या गुडघ्यापर्यंत. पण पाय पुष्कळ बोलतात. ज्याला लवकर निघायचं असतं त्याच्या टाचा आधीच दाराकडे वळलेल्या असतात, आणि खोटं बोलणारा पायाचा अंगठा आत मुडपतो. तोंडं बघणाऱ्यांना हे कधी कळत नाही.

तर पहिला प्रकार. रविवार होता. मुलगा-सून जेवायला येणार म्हणून बाईनं माझ्या उजव्या मागच्या कॉइलवर मोठं पातेलं भरून बटाटे लावले, आच पूर्ण. बटाटे शिजले. तिनं नॉब ‘बंद’वर आणला. खट् झालं, ते मी स्वतः ऐकलं. ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. मग मुलाचे काळे बूट आत आले, माठाशी थांबले आणि परत गेले. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, ती कॉइल धगधगतेय! पाणी आटलं, बटाटे करपले, घरभर धूर झाला. मुलगा धावत आला, त्यानं मेन स्विच पाडला, सगळे नॉब उलटसुलट फिरवले आणि ओरडला, “आई! चालू ठेवून गेलीस तू!”

“मी बंद केली होती रे.”

“मग ही काय आपोआप पेटली?”

हा प्रश्न मलाही पडला, पण मी त्याचं वेगळं उत्तर काढलं. बाईनं बंद केली होती. म्हणजे नंतर कोणीतरी चालू केली. आणि नंतर आत आले होते ते फक्त काळे बूट.

दुसऱ्या प्रकारात तो पुन्हा हजर. या वेळी बाईनं तीच कॉइल बंद करून तिच्यावरच्या मोठ्या पातेल्याला लाकडी पाट टेकवून ठेवला होता. तो खालून कोळशासारखा काळा झाला. माझी खात्री पटली. वर त्याच संध्याकाळी मी त्याला फोनवर दबक्या आवाजात बोलताना ऐकलं. “नाही, तिला आता फार दिवस एकटं नाही ठेवता येणार. फ्लॅटचं बघू नंतर.” म्हणजे कारणही मिळालं! आईला वेडी ठरवायचं, आपल्याकडे न्यायचं आणि घर मोकळं करायचं. मी आतल्या आत जळत होते. तोंड असतं तर त्याच क्षणी सगळं बाहेर काढलं असतं.

मुलानं मेकॅनिक आणला. नव्या चपला, टाचा दाराकडे. त्यानं चारही नॉब एकदा फिरवले, कॉइल तापल्या, विझल्या.

“मशीन ठणठणीत आहे साहेब,” तो म्हणाला आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाला, “वय झालं की होतं असं.”

माझ्या पाठीचा पत्रा त्यानं काढलासुद्धा नाही. आणि त्याचं हे बोलणं बाईनं ऐकलं.

ठरलं. महिनाअखेरीस बाईनं मुलाकडे जायचं, आणि तिथल्या स्वयंपाकघरात तिनं एकटीनं पाऊल टाकायचं नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. बाई नॉब बंद करायची, चार पावलं जायची, परत यायची, हात लावायची. कधी नॉबला धरून नुसती उभी राहायची. एकदा स्वतःशीच म्हणाली, “मला खरंच आठवतंय, का आठवतंय असं वाटतंय?” पण प्रयोगशाळेतली सवय सुटत नाही. तिनं वही काढली आणि दोन्ही प्रकार लिहून काढले. मग मेकॅनिकला आणि मुलाला एकाच वेळी बोलावलं.

“दोन्ही वेळा उजवी मागची,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा मोठं पातेलं, पूर्ण आच, अर्धा तास. तू येतोस त्याच दिवशी मी मोठं पातेलं लावते. एरवी माझ्या एकटीला एवढं लागतंय कशाला?”

काळे बूट आणि मोठं पातेलं एकाच दिवशी येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईनं पातेल्यात पाणी भरलं, आच पूर्ण केली आणि अर्ध्या तासानं नॉब बंद केला. “आता सगळे दाराशी चला. शेगडीला कोणी हात लावायचा नाही.” तीन जोडी पावलं मागे सरकली. कॉइल लाल होती, मग तांबूस, मग काळी पडली.

“आई, पुरे आता,” मुलगा म्हणाला.

“एका प्रयोगावर निष्कर्ष काढत नाहीत. पुन्हा.”

“काकू, मला अजून तीन ठिकाणी जायचंय हो.”

“मागच्या वेळी पाच मिनिटांत गेलास ना? तेव्हाची राहिलेली तपासणी आज पूर्ण कर.”

दुसऱ्या खेपेलाही कॉइल विझली. बाईची पावलं पुन्हा नळाकडे वळली. तिनं थंड पाणी भरून पातेलं तिसऱ्यांदा ठेवलं.

अर्धा तास. खट्. पावलं दाराशी. माझ्या आसपास कोणी नव्हतं, कोणाचा बूट नाही की चप्पल नाही. आणि माझी उजवी मागची कॉइल लालच्या लाल! पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणी खळखळत राहिलं.

“आता सांग,” बाई मेकॅनिकला म्हणाली, “विसरलं कोण?”

मेन बंद झाला, माझा पाठीचा पत्रा निघाला. त्या नॉबमागच्या स्विचमधल्या दोन बारीक पट्ट्या फार तापल्या की कधीकधी एकमेकींना चिकटून बसत होत्या. नॉब ‘बंद’ म्हणायचा, खट् आवाजही यायचा, पण वीज चालूच. थंड झाल्या की पट्ट्या आपोआप सुटायच्या, साळसूदपणे. मेकॅनिक पुटपुटला, “हे वरून दिसत नाही हो.”

“म्हणूनच आत बघायचं असतं,” बाई म्हणाली.

गुन्हेगार माझ्याच पोटात होता. मी महिनाभर एका मुलाच्या बुटांवर पाळत ठेवली आणि त्याच्या आईवरचा आरोप माझ्याच दोन पट्ट्या रचत होत्या.

तेव्हा मुलगा माझ्यासमोर मटकन खाली बसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा चेहरा दिसला. त्यात कट नव्हता, कावा नव्हता. आई आगीत सापडल्याचं कितीदा तरी मनात पाहिलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

“आई, चुकलं माझं.”

“भीती वाटली म्हणून चुकलं नाही तुझं,” ती म्हणाली. “नॉब कुठे होता ते न बघताच फिरवलास, तिथे चुकलं. आणि मी इथून कुठेही जात नाहीये.”

ती गेली नाही. माझा स्विच नवा आहे, नॉबवर ठसठशीत आकडे आहेत, लाल दिवा लागतो. बाईच्या सांगण्यावरून मुलगा दर सहा महिन्यांनी मला पुढे ओढून धूळ झाडतो. माझी तक्रार उरलेली नाही.

पण एक गोष्ट दुरुस्त झालेली नाही. बाई अजूनही नॉब बंद करून दारापर्यंत जाते आणि परत येते. एकदा, दोनदा, कधी तीनदा. माझ्या पट्ट्या बदलता आल्या. तिच्या मनात जो संशय पेरला गेला, तो बदलायला कोणता मेकॅनिक आणायचा? म्हणून हात जोडून सांगते, माणसाच्या डोक्यावर शिक्का मारण्याआधी यंत्राची पाठ उघडून बघा. तेवढ्याला फक्त चार स्क्रू काढावे लागतात.

आत्ताही ती आली आहे. नॉबवर बोटं आहेत, पाय दाराकडे वळलेले, पण हलत नाहीत.

बंद आहे, बाई. तुम्हीच केलीत. जा.