नाल्यातला कापूस

साता समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. मूर्तिजापूरजवळच्या एका गावचा नत्थुजी तेव्हापासून जणू हवेतच चालायला लागला. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या आल्या, डोक्याला जरीचा फेटा आला आणि रस्त्यानं कुणी पुढं गेलेलं त्याला खपेनासं झालं. त्यातून तो शेजारचा चंद्रभान असला, तर नत्थुजीला घासही गोड लागत नसे.

त्याची नऊ वर्षांची लेक मनकर्णा बापावरच गेली होती. अमरावतीच्या बाजाराला निघालेल्या गाडीत ती कापसाच्या ढिगावर बसली होती. मागून चंद्रभानची गाडी येताना दिसली आणि तिनं बापाला खबर दिली. मग काय, शर्यतच लागली. धुरळ्यात रस्ता दिसेना. गाडी उसळायची तशी मनकर्णाच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

नाल्याच्या उतारावर चंद्रभानच्या गाडीचं चाक दगडावर चढलं आणि गाडी आडवी झाली. कापूस वाऱ्यावर उडाला, बघता बघता बाभळी पांढऱ्या झाल्या. चंद्रभानची म्हातारी आई पार्बताबाई ढिगात गळ्यापर्यंत रुतली होती. लागलं काही नव्हतं, पण तिच्या भुवयांवरसुद्धा कापूस होता. नत्थुजी गाडी थांबवून खो खो हसला. मनकर्णा तर लोळायलाच लागली.

मग नत्थुजीनं चंद्रभानकडं पाहिलं. तो दोन्ही हात डोक्याला लावून मटकन खाली बसला होता. मनकर्णाला बापाचं हसू विझताना दिसलं. त्यानं फेटा सोडला.

"उतर," तो म्हणाला. "कापूस येचाचा हाय."

"तुमीच त म्हनत होते, बाबा, का चंद्रभानकाका पडला पायजे."

"म्हनत होतो. माह्यं तोंड लहानपनापासून खराब हाय, पोरी. तू त्याच्यामागं नोको जाऊ. माहे हात पाह्य अन् तसं कर."

तो जरीचा फेटा नाल्यात अंथरून नत्थुजी कापूस वेचू लागला. काट्यांनी हात रक्ताळले, आणि तोंड तर थांबतच नव्हतं. चंद्रभानच्या बैलांपासून त्याच्या आजोबांपर्यंत त्यानं सगळ्यांचा उद्धार केला. चंद्रभानही उलट बोलायला लागला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आल्याचं मनकर्णाला कळलं. ती वानरासारखी बाभळीवर चढली आणि कापसाचे पुंजके खाली भिरकावू लागली. एक थेट बापाच्या तोंडावर बसला. पार्बताबाई डोळ्यांत पाणी येईतो हसली.

गाडी उभी झाली, पण म्हातारी परत लेकाच्या गाडीत बसेना. पायीच निघाली. मनकर्णा कुणी न सांगताच बापाच्या गाडीतल्या ढिगावरून खाली उतरली, आपली जागा तिला दिली आणि चाकाशेजारून चालू लागली.  नत्थुजीनं लेकीला उचलून खांद्यावर घेतलं.

अमरावतीला पोचायला इतका उशीर झाला, की गाड्या पार टोकाला लावाव्या लागल्या. नत्थुजीनं तिथंही जागेवरून भांडण काढलंच. वर भेटेल त्याला सांगत सुटला, "माह्या पोरीनं म्हातारीले आपली जागा देल्ली, मी बोललोबी नव्हतो."

चौथ्यांदा तेच ऐकू आलं, तेव्हा मनकर्णानं लाजून कापसात तोंड खुपसलं आणि तिथंच फिदीफिदी हसत राहिली.