तीनशे फुटांवरून खांदा

दुपारी रॉय्सच्या वडिलांचं दफन होतं आणि तेलाच्या विहिरीत सोडलेली शेवटची गन उडालीच नाही.

गन म्हणजे दारू भरलेलं लांब नळकांडं. विहिरीच्या पोलादी नळीला आतून भोकं पाडायला ते खोल सोडतात. उडालं की नुसतं लोखंड. मग ट्रकच्या चारी बाजूंच्या ‘स्फोटक’ लिहिलेल्या नारंगी पाट्या उतरवायच्या आणि माणसासारखं कुठंही जायचं. न उडता वर आलं, की पाट्या तशाच. अशा वेळी ट्रक एकटा सोडायचा नाही आणि गर्दीपासून तीनशे फूट लांब ठेवायचा.

"काढ पाट्या आणि जा लेका," विहिरीवरचा चुई म्हणाला. "मोनाहान्ससारख्या गावात कोण बघतंय?"

"ट्रकमध्ये गन आहे."

"मग ती बघेल. तिला जाताना सांगून जा."

रॉय्सला नियमांचं फार प्रेम होतं असं नाही. पण सकाळपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. निदान पाटी तरी खरी असावी, एवढंच काय ते वाटत होतं.

दफनभूमीसमोर, हमरस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत त्याने ट्रक उभा केला. लगेच बहिणीचा, डार्लाचा, फोन आला.

"कुठं तडमडलायस?"

"समोर. नारंगी."

"तिथं काय करतोयस?"

"लोक किती आलेत?"

"चाळीसेक."

"मग इथंच बरोबर आहे."

"अरे, खांद्याला सहा माणसं लागतात! पाचच आहेत. तुझा कोपरा रिकामा आहे."

"भावजी?"

"त्यांची कंबर! तू पाट्या काढ की. फुटणार आहे का तो ट्रक?"

"नाही."

"मग?"

"काढल्या तरी नाहीच फुटणार."

"अगदी बाबांवर गेलायस," ती म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

थोड्या वेळाने शववाहिका एकटीच दफनभूमीच्या फाटकातून बाहेर आली. तिकडच्या रीतीप्रमाणे रस्त्यावरची एक पिकअप कडेला थांबली. आतल्या म्हाताऱ्याने हॅट काढली. मग शववाहिका निघालीय कुठं ते त्याने पाहिलं, पाटी वाचली, हॅट घातली आणि सुसाट गेला.

शववाहिकेतून प्रुइट उतरले. गावातली सगळी दफनं तेच करत.

"ताईंनी पाठवलं. म्हणाल्या, गर्दी तिकडे नेता येत नाही, पण वडिलांना नेता येतं."

"दोघं म्हणजे गर्दी नाही," रॉय्सने विचार करून सांगितलं.

"जिवंत मी एकच," प्रुइट म्हणाले आणि मागचं दार उघडलं.

रॉय्सने शवपेटीची कडी धरून उचलायला जोर लावला. पेटी हलली नाही.

"खालून अडकवलीय," प्रुइट म्हणाले. "वळणावर घरंगळू नये म्हणून. तुमच्यासारखंच, नियम आहे." त्यांनी पाटीकडे पाहिलं. "ही कधी काढता?"

"रिकामं झाल्यावर."

शववाहिका परत गेली. पलीकडे पाच जणांनी पेटी उचलली. मागचा रिकामा कोपरा कलला.

रॉय्सने एक डोळा मिटून हात पुढे केला. इतक्या लांबून तो कोपरा त्याच्या तळहातावर बरोबर मावत होता. कबरीचा खड्डा येईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.