कमरेवरची रेघ

मित्रांनो, दोन्ही टोकांना गोल भोक असलेला वीतभर लांबीचा हा पोलादी दांडा पाहून बरेच जण मला पाना समजतात. मी पाना नाही. मी एका लहान इंजिनाचा जुना कनेक्टिंग रॉड आहे. वर पिस्टन, खाली क्रँक आणि मधे मी. पेट्रोल पेटले की पिस्टनला दणका बसतो. तो दणका झेलून मी क्रँक फिरवायचो, मग चाके फिरायची. मला फारसे कोणी पाहिले नाही. मी दिसतो तेव्हा इंजिन उघडलेले असते, आणि तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडलेले असतात.

लालभडक तापवून, साच्यात घालून, ठोकून ठोकून मला घडवले. त्या ठोक्यांचे मी उपकार मानतो. त्यांनीच मला घट्ट केले.

माझी नेमणूक झाली परीक्षितच्या एटीव्हीत. एटीव्ही म्हणजे जाड टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची उघडी गाडी. परीक्षित भोपाळच्या टी. टी. नगरात सरकारी कचेरीत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी रातीबड गावाकडच्या खडकाळ टेकडीवर झाडे लावतो. पाण्याचे ड्रम घेऊन आम्ही ती टेकडी किती वेळा चढलो, याची मोजदाद मी ठेवली नाही. वरच्या कडुनिंबांनी थोडी सावली धरली, त्यात माझाही घाम आहे असे मी मानतो.

पहिल्यांदा इंजिन उघडले ते गोविंदपुऱ्यात, परीक्षितच्या वडिलांच्या, शांतारामबाबांच्या वर्कशॉपमध्ये. बाबांचा एक रिवाज होता. हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर ते टोकदार स्क्राइबरने ‘श्री’ कोरायचे. खिडकीची जाळी असो की पाण्याच्या पंपाचा दांडा, श्री कोरल्याशिवाय माल दाराबाहेर जात नसे. माझ्याही कमरेवर त्यांनी श्री कोरला, वरची आडवी रेघ जरा दाबूनच. मला किती बरे वाटले! आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यावर मायेने हात फिरवला होता.

वर्षे गेली. झाडे वाढली, ड्रम वाढले, गाडी चढावर धापा टाकू लागली. परीक्षितची बहीण मंजूषा आता वर्कशॉप चालवते. तिने इंजिनाला टर्बो बसवायचे ठरवले. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा दणका. म्हणून तिने आधी पोटातले सगळे तपासायला काढले. पिस्टन बदलला, बेअरिंग बदलले. मला मात्र ठेवायचा तिचा विचार होता. दाब देणाऱ्या प्रेसवर क्रँक उघडून तिने मला बाहेर काढले, धुतले, तडा दाखवणारा लाल रंग लावला, पुसला आणि वर पांढरी पावडर फवारली.

पांढऱ्यावर श्री लाल उमटला. आडवी रेघ जरा जास्तच लाल होती.

बाबा म्हणाले, खाचेत रंग राहणारच, त्यात नवल ते काय. परीक्षितलाही तेच पटले. एप्रिल संपत आला होता, रोपे पाण्यावाचून माना टाकत होती.

“ताई, ये चेकिंग-बिकिंग बास कर,” तो म्हणाला. “तुझं इंजिन होईपर्यंत रोपांचे पापड होतील.”

“पापड परवडले,” मंजूषा म्हणाली. “भरल्या ड्रमासकट चढावर रॉड तुटून इंजिन जाम झालं, तर गाडी तुझ्या अंगावर येईल. तुझा चुरमा करायचाय का मला?”

खाच आहे की तडा, हे कळायला एकच उपाय होता. श्री घासून सपाट करायचा आणि पुन्हा रंग लावायचा. मंजूषाने पॉलिश पेपर हातात घेतला, पण तिचा हात चालेना. बाबांचा श्री आजवर कोणी पुसला नव्हता. बाबांनी तिच्याकडे पाहिले, कपाळाला हात लावून मला नमस्कार केला आणि पेपर तिच्या हातातून काढून घेतला. मग स्टुलावर बसून, माझ्या लांबीच्या दिशेने, सावकाश घासू लागले. अक्षर गेले. रेघ गेली. माझी कमर आरशासारखी झाली.

पुन्हा लाल रंग, पुन्हा पांढरी पावडर. तिघेही वाकून पाहत होते. केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर आली, अगदी तिथेच. खाच वरवर होती. पण तिच्याच तळापासून सुरुवात होऊन, प्रत्येक दणक्यासरशी, मी आतून चिरत गेलो होतो. मलाही ते कळले नव्हते.

बाबांनी त्या रेघेवर अंगठा ठेवला. मग परीक्षितकडे न पाहता म्हणाले, “ही रेघ माझ्या हातची आहे, बाळा. हा रॉड तुझ्या गाडीत जायचा नाही. रोपं गेली तर मी स्वतः पुन्हा लावीन.”

जाड कमरेचा, खास जास्त जोरासाठी घडवलेला नवा रॉड मागवला. तो येईपर्यंत परीक्षितने डबे खांद्यावर वाहून नेले आणि ताईच्या नावाने बोटे मोडली. काही रोपे गेली, बरीच वाचली. शेवटी पार्सल हबीबगंज स्टेशनवर उतरले. मंजूषाने क्रँक जुळवला, तो सरळ फिरतो ना ते पाहिले आणि मगच इंजिन पुन्हा जोडले. परीक्षितने भरलेले ड्रम टेकडीवर नेले आणि वरून पोहोचल्याचा फोन केला. बाबांनी फोन कानाला लावला, ऐकले आणि खुर्चीत मागे टेकून डोळे पुसले.

मी आता मंजूषाच्या टेबलावर असतो. कोणी घाईत असले की ती मला त्याच्या हातात देते.

मित्रांनो, मला बाबांचा राग नाही. त्यांच्या मायेने मला जखम झाली, पण त्यांच्याच हातांनी ती उघडी केली. ज्यांच्यावर भार टाकता, त्यांना भार टाकण्याआधी एकदा उजेडात नीट पाहत जा. माणूस असो की यंत्र. आम्हाला सांगता येत नाही, आणि चालतोय म्हणजे धडच आहोत असेही नसते. मला वेळेत थांबवले, म्हणून दर सुट्टीला परीक्षित टेकडीवरून घरी परत येतो. माझ्या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की एक काम मला करू दिले नाही.