एकोणिसाव्या मिनिटाला लाईट गेली

मित्रांनो, मी एका कार्टून मालिकेचा जुना भाग आहे. भाग क्रमांक चारशे सात. माझ्यासारखे सहाशेच्या वर भाग आहेत आणि अजून नवे निघतात. पण मी त्यांच्यासारखा पूर्ण नाही. मला शेवट नाही. तो कसा गेला ते सांगतो.

माझी चित्रं परदेशात काढली. बोलणी मुंबईत हिंदीत भरली. मालिकेत एक घर आहे. बाप घड्याळं दुरुस्त करतो, आई बस चालवते, मुलगी चौथीत आहे, आणि एक आजोबा आहेत ते सगळ्यांना नावं ठेवतात. अठरा वर्षं झाली तरी मुलगी चौथीतच आहे. आमच्यात कुणाचं वय वाढत नाही. माझी गोष्ट एवढीच, की एके दिवशी आई बहिणीकडे निघून जाते आणि बापाला घरातलं काही सापडत नाही. चहाची पावडर नाही, मुलीचे मोजे नाहीत. बाविसाव्या मिनिटाला आई परत येते. दर वेळी येते.

निमगाव सावा गावाच्या मळ्यात भिमाजी आणि अंजनाबाई राहत होते. घरामागे ऊस, बाजूला गोठा, गोठ्यात पाच शेळ्या. जुन्नर तालुक्यात ऊस आला की बिबट्या आलाच. दिवस मावळायला लागला की लोक पोरांना आत घेतात, जनावरं आत घेतात आणि आवाज करत राहतात. कुणी डबा बडवतो, कुणी रेडिओ लावतो. अंजनाबाईंनी टीव्हीच गोठ्याकडच्या खिडकीत ठेवला होता. आवाज पूर्ण वर.

आधी त्या रडारडीच्या मालिका लावायच्या. पण त्यातली माणसं मधेच गप्प होतात आणि एकमेकांकडे नुसती बघत बसतात. म्हणून त्यांनी कार्टून लावलं. शेजारचे हौशीराम हसले.

"वहिनी, बिबट्याला कार्टून दावता व्हय?"

"मग! ह्यात कुणी गपच बसत न्हाई. बाप बोलतो, बाई बोलती, म्हातारा तर लईच बोलतो. तुमच्यावानी."

असे आम्ही त्या घरी राखणीला लागलो. राखता राखता अंजनाबाईंना आमची गोडी लागली. सुट्टीत नात आरोही यायची, तेव्हा दोघी मिळून बघायच्या. भिमाजी बघत नसत. ते बाहेर ओट्यावर बसत.

आरोही चाकणला आईबापाजवळ राहायची. अकरावीला तिचा संध्याकाळचा क्लास सुरू झाला. "आजी, माझं कार्टून राहतं गं," असं ती फोनवर म्हणाली. मी नेटवर सापडतो हे अंजनाबाईंना माहीत नव्हतं. एका संध्याकाळी मी लागलो, तेव्हा त्यांनी टीव्हीसमोर मोबाईल धरला आणि मला भरून घेतलं.

चित्र वाकडं आलं. कोपऱ्यात ट्यूबलाईट चमकत होती. आणि मी बोलत असताना त्याही बोलत होत्या.

"ही पोरगी अजून चौथीतच? बरंय बाई हिचं."

चौथ्या मिनिटाला त्यांनी ओट्याकडे हाक मारली, "अवं, शेळ्या घेतल्या का आत?" पुढे बाप चहाची पावडर शोधतो, तिथे त्या इतक्या हसल्या की मोबाईल हलला. "आरोही, बघ, तुझ्या आबांवानीच हाय गं!" एकोणिसाव्या मिनिटाला लाईट गेली. अंधारात त्यांचा आवाज आला, "गेली! आता हिची आई आली का न्हाई, ते कसं कळायचं पोरीला?"

तिथे मी संपतो. माझ्यातली आई परत आलेली नाही.

मी फार मोठा होतो म्हणून व्हॉट्सॲपवर गेलो नाही. त्या मोबाईलमध्येच राहिलो.

मग अंजनाबाई आजारी पडल्या. दवाखान्यात अकरा दिवस होत्या. अकराव्या दिवशी गेल्या.

मोबाईल भिमाजींकडे आला. वाजला की ते उचलत, दोन शब्द बोलत आणि ठेवून देत. वेळेवर जेवत. मोटर चालू करत, बंद करत. टीव्ही त्यांनी लावला नाही.

"भिमाजी, टीव्ही लाव की रं," हौशीराम दोनदा सांगून गेले. "वढ्याला बिबट्या फिरतोय."

"लावतो."

एका संध्याकाळी ते ओट्यावर बसून होते. शेळ्या आत घेतल्या का, हे विचारणारं कुणी नव्हतं. शेळ्या बाहेरच राहिल्या. एक आवाज झाला. भिमाजी उठून तिकडे जाईपर्यंत बिबट्या उसात शिरला होता. एक शेळी मरून पडली होती.

सकाळी मुलगा भरत चाकणहून आला. हौशीरामही आले. पंचनाम्याआधी शेळीचे फोटो मालकाच्याच मोबाईलवरून पाठवा, असं वनरक्षकाने सांगितलं होतं. भरतने फोटो काढायला मोबाईल घेतला. मोबाईल फोटो घेईना.

"जागाच न्हाई यात. अण्णा, ह्यो एवढा मोठा व्हिडिओ कसला? कार्टून हाय. काढून टाकू?"

"टाक," भिमाजी म्हणाले. ते शेळीकडे बघत होते.

नेटवर मी पूर्ण मिळतो, हे भरतला माहीत होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. पण पुसण्याआधी आत काय आहे ते बघावं म्हणून त्याने मला लावलं आणि बोटाने थोडं पुढे सरकवलं.

"अवं, शेळ्या घेतल्या का आत?"

हौशीरामांनी डोक्यावरची टोपी काढली. भरतचं बोट तसंच राहिलं. भिमाजींनी मान वर केली नाही. रोज ओट्यावरून बोलायचे त्याच आवाजात ते बोलले.

"चार घेतल्या. एक राहिली."

भरतने मला पुसलं नाही. सकाळचे नमस्कार आणि फुलांची चित्रं शेकड्याने आली होती, ती पुसून त्याने जागा केली. दुपारी त्याने माझी एक प्रत आपल्या मोबाईलमध्ये घेतली. ती आरोहीकडे गेली.

त्या दिवसापासून खिडकीतला टीव्ही पुन्हा लागतो. महिन्याभराने त्यावर माझा पूर्ण भाग लागला. भिमाजी पहिल्यांदा आत येऊन बसले. बापाला चहाची पावडर सापडत नव्हती तेव्हा ते हसले नाहीत. बाविसाव्या मिनिटाला आई दारात आली.

"ही येती," ते म्हणाले. मग उठले आणि चारही शेळ्या आत घेतल्या.

मित्रांनो, माझा पूर्ण भाग जगात हजार ठिकाणी आहे. त्याची काळजी करू नका. पण तुमच्या घरच्या मोबाईलमध्ये माझ्यासारखा वाकडा, अर्धवट कुणी पडलेला असेल, तर पुसण्याआधी तो एकदा ऐका. चित्राकडे बघू नका. खोलीत कोण बोलतंय ते ऐका. आणि काही विचारलेलं असेल, तर उत्तर द्या.